काम दिलं, ओटीपी मात्र साहेबांच्या मोबाईलवर

मे २०२५ मधली गोष्ट. भाचीचं लग्न, गोरज मुहूर्त. हातात अक्षता, खिशात सायलेंटवर टाकलेला फोन. मंगलाष्टकं झाली, मामा म्हणून जिथं जिथं उभं राहायचं तिथं उभा राहिलो आणि पावणेनऊला फोन बाहेर काढला, तर चौदा मिस्ड कॉल. सगळे आमच्याकडे डिस्पॅच सांभाळणाऱ्या पोराचे. मेसेजमध्ये ई-वे बिलाच्या, म्हणजे माल वाहून न्यायला लागणाऱ्या ऑनलाइन पासाच्या, पोर्टलवरून आलेले पाच ओटीपी, एकाखाली एक, पाचही शिळे.

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. त्या संध्याकाळी इंदूरचा माल भरून ट्रक गेटवर उभा होता. ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल काढावं लागतं, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे दंडाला आमंत्रण. पोर्टलचा पासवर्ड पोराकडे होता. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, कीबोर्डच्या खाली चिकटवलेली. पण १ एप्रिल २०२५ पासून नुसत्या पासवर्डवर भागेनासं झालं, ओटीपी सगळ्यांनाच सक्तीचा झाला. तो यायचा माझ्या मोबाईलवर. महिनाभर मी असेन तिथून आकडे सांगत होतो, त्यामुळे अडचण अशी जाणवली नव्हती. त्या रात्री गाडी उभीच राहिली. हॉल्टिंगचे पैसे गेले, आणि ड्रायव्हरने पोराला जे ऐकवलं ते निराळंच.

त्याआधी चार वर्षं मी भेटेल त्याला कौतुकाने सांगत होतो, "डिस्पॅच मी पूर्ण सोडून दिलंय. बघतसुद्धा नाही."

## सोपवलं म्हणजे नक्की काय दिलं?

ऑफिसात याला डेलिगेशन म्हणतात. सरकारी कागदावर 'अधिकारांचे प्रत्यायोजन' असा शब्द येतो. मी इथं साधं 'सोपवणं' म्हणतो. वरच्याने आपल्याकडचं काम, ते करायला लागणाऱ्या निर्णयांसकट, खालच्याच्या हाती देणं, एवढाच त्याचा अर्थ. गोची होते ती 'निर्णयांसकट' या शब्दापाशी.

घरातलंच बघा. मुलाला किराणा आणायला पाठवलं. हातात यादी दिली, पैसे दिले. दुकानातून फोन येतो, "आई, नेहमीची तूरडाळ नाहीये, दुसरी आहे, बारा रुपयांनी महाग. आणू?" आई म्हणते आण. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, "शेंगदाणे अर्धा किलोचं पाकीट नाही, एक किलोचं आहे." तिसऱ्या फोनला आई चिडते, "तुला एक काम सांगितलं तर!" काम तिनं सांगितलंच होतं, पण डाळ कुठली घ्यायची हे ठरवायचं कुणी, ते सांगितलं नव्हतं. यादी देताना "शंभर-दीडशे इकडेतिकडे झाले तर तुझं तू बघ" असं म्हटलं असतं तर तिन्ही फोन वाचले असते. कदाचित घरात न आवडणारी डाळ आली असती. तेवढी किंमत त्यात धरावी लागते.

म्हणजे सोपवण्यात तीन गोष्टी येतात. पहिली, काम. दुसरी, ते करण्यापुरता अधिकार: पैसे खर्च करण्याचा, नाही म्हणण्याचा, सही करण्याचा. तिसरी, उत्तरदायित्व, म्हणजे बिघडलं तर जाब कुणी द्यायचा. पहिली गोष्ट आपण सढळ हाताने देतो. दुसरी देताना हात आखडतो. आणि तिसरी, जी देताच येत नाही, ती मात्र बिघडल्याबरोबर खालच्याच्या गळ्यात घालतो. माझ्या ट्रकच्या बाबतीत तेच झालं. मंडपाच्या मागच्या अंगाला उभं राहून मी फोनवर पहिलं वाक्य बोललो ते, "अरे, दुपारीच काढून ठेवायचं ना बिल!"

गंमत म्हणजे ज्या पोर्टलवर माझी फजिती झाली, त्या पोर्टलने ही गोष्ट माझ्याआधी ओळखली होती. तिथं मुख्य खातेदाराला 'सब-युजर' तयार करता येतो. त्याला स्वतःचं लॉगिन मिळतं, ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जातो. आणि त्याला काय काय करू द्यायचं ते खातेदार ठरवतो: बिल तयार करणं, रद्द करणं, दुसऱ्याने आपल्या नावावर काढलेलं बिल नाकारणं. एकेका चौकटीत टिक करायची. माणूस सोडून गेला तर त्याचं खातं गोठवताही येतं. सरकारी वेबसाइटला शिव्या घालण्यात मीही मागे नसतो, पण सोपवणं म्हणजे काय हे शिकवणारी इतकी नीट आखलेली चौकट मी दुसरीकडे पाहिलेली नाही. चार वर्षं ती माझ्यासमोर होती. मी चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला होता.

## मोठ्या कामात हे कसं करतात? कोकण रेल्वेचं उदाहरण

खोक्यांच्या कारखान्यावरून जगाला शहाणपण शिकवायला नको. म्हणून आपल्या ओळखीचं, पण खरंच अवाढव्य असं एक काम घेऊ.

कोकण रेल्वे कॉर्पोरेशन जुलै १९९० मध्ये कंपनी म्हणून नोंदली गेली. मुख्यालय बेलापूरला, प्रमुख ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळूरजवळच्या टोकापर्यंत साधारण साडेसातशे किलोमीटरचा मार्ग. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये खाड्या आणि नद्या. नव्वदच्या वर बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. पूल लहानमोठे धरून दोन हजारांच्या घरात, त्यात पानवलचा दरीवरून जाणारा ६४ मीटर उंचीचा. जमीन ४२ हजारांहून जास्त मालकांकडून घ्यायची. पावसाळ्याचे चार महिने काम अडखळणार हे ठरलेलं. आणि मुदत मिळाली होती जेमतेम पाच वर्षांची.

आता बेलापूरला बसलेल्या माणसाने यातलं किती स्वतः ठरवायचं?

मार्गाचे सात तुकडे केले गेले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी. प्रत्येक तुकडा साधारण शंभर किलोमीटरचा, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. या वाटणीकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. दुसरी एक वाटणी सहज करता आली असती: एक साहेब सगळ्या पुलांचा, एक बोगद्यांचा, एक जमिनीचा, एक रुळांचा. कागदावर ती जास्त शास्त्रशुद्ध दिसते. पण मग कुडाळच्या एखाद्या पुलाचं काम जमिनीपायी अडलं, की पुलाचा साहेब जमिनीच्या साहेबाकडे बोट दाखवणार, आणि दोघांचा वाद बेलापूरला. तुकड्याची वाटणी केल्यावर त्या शंभर किलोमीटरमधली जमीनही त्याची, बोगदाही त्याचाच. बोट दाखवायला दुसरं कुणी उरत नाही.

हा बारकावा छोट्या ऑफिसातही तितकाच लागू पडतो. "तू फोन कर, तो मेल टाकेल, ती फॉलोअप घेईल" असं एका गिऱ्हाइकाचे तीन तुकडे केले, की गिऱ्हाईक कुणाचंच राहत नाही. कामाच्या कृती वाटण्यापेक्षा अख्खं काम एकाला द्यावं, लहान असलं तरी चालेल.

आणि बेलापूरने स्वतःकडे काय ठेवलं? पैसा उभा करणं. कंपनीत रेल्वेचा ५१ टक्के वाटा होता, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. बाकीची मोठी रक्कम रोख्यांतून बाजारातून उभी करायची होती. हे काम कुडाळच्या अभियंत्याला सांगून होणारं नव्हतं. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठं आंदोलन पेटलं, काम थांबलं, केंद्राने न्यायमूर्तींची समिती नेमली. ते निस्तरणंही वरच्यांचंच. पण डोंगराच्या पोटात कातळाऐवजी लिबलिबीत माती लागली, आज खोदलेलं उद्या ढासळतंय, आता पुढं कसं जायचं, हे बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला जितकं कळतं तितकं नकाशाला कळत नाही. अशा मऊ मातीच्या बोगद्यांनीच शेवटपर्यंत छळलं. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने तर विशेष.

मार्ग पूर्णपणे सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. पाचाची सात वर्षं झाली. ज्यांनी तो भूगोल पायी तुडवलाय ते त्याला उशीर म्हणत नाहीत. रत्नागिरीला या कामात जीव गेलेल्यांचं स्मारक आहे. यशोगाथा सांगताना ते वगळू नये असं मला वाटतं.

## "पण मी केलं तर वीस मिनिटांत होतं"

ही तक्रार सगळ्यात आधी येते आणि ती खरी आहे. ज्याला काम येतं त्याला ते पटकन जमणारच.

फक्त हिशोब मांडून बघा. समजा तुमचं एक रोजचं काम आहे, वीस मिनिटांचं. दुसऱ्याला शिकवायला, त्याच्या चुका निस्तरायला, पुन्हा सांगायला मिळून सहा तास जातात. सहा तास म्हणजे वीस मिनिटांचे अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवसापासून तुम्ही फायद्यात. वर्षातून दोनदा येणारं काम असेल तर हा हिशोब बसत नाही, ते खुशाल स्वतः करा. सगळंच सोपवलं पाहिजे असं मुळीच नाही.

या तक्रारीच्या पोटात दुसरी एक गोष्ट असते, ती कुणी मोठ्याने बोलत नाही. जे काम करून आपण नाव कमावलं तेच काम सोडायचं असतं. चांगला वेल्डर सुपरवायझर होतो आणि बारा महिन्यांनीही त्याचा हात टॉर्चकडेच जातो. नवीन पोराच्या वेल्डिंगची रेघ वाकडी दिसली की "सरक" म्हणून स्वतः बसतो. पोरगं बाजूला उभं राहून बघतं. शिकतं काय, तर वाकडं केलं की सुटका होते.

## "आणि चुकलं म्हणजे?"

चुकणार. प्रश्न इतकाच की चूक किती महागात पडणार आणि परत फिरवता येणार का.

ई-वे बिल चुकलं, गाडी नंबर चुकला, माल गेलाच नाही, तर बिल तयार केल्यापासून चोवीस तासांत ते रद्द करता येतं. म्हणजे ही परतीच्या वाटेची चूक. अशी कामं डोळे मिटून सोपवावीत. उलट एखाद्या गिऱ्हाइकाला तीन वर्षांचा भाव लेखी कळवला तर तो मागे घेताना नाकी नऊ येतात. ते सोपवताना मध्ये एक थांबा ठेवावा: "मसुदा तू कर, पाठवण्याआधी मला दाखव." नंतर तोच माणूस दहा मसुदे बरोबर करतो, तेव्हा थांबा काढून टाकावा. काढायचा असतो हे मात्र पुष्कळजण विसरतात. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ बावीस वर्षं नोकरीत असलेल्या अकाउंटंटचं प्रत्येक पत्र अजून वाचतात आणि दर वेळी एक स्वल्पविराम बदलतात.

चूक स्वस्त ठेवण्याची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे रक्कम सांगून टाकणं. "पाच हजारांपर्यंत मला विचारू नकोस. नंतर सांग." सरकारी खात्यांत हेच वित्तीय अधिकारांच्या तक्त्याने होतं: कुठल्या हुद्द्याने किती रुपयांपर्यंत मंजुरी द्यायची ते छापील असतं. आपल्याकडे ते तोंडी असतं, आणि बहुतेक वेळा साहेबांच्या मूडवर असतं. कालचे साडेतीन हजार चालले, आजच्या आठशेवर बोलणी खाल्ली. असं दोनदा झालं की माणूस पेन घ्यायलासुद्धा विचारायला येतो, आणि मग आपण म्हणतो, "आजकालच्या पोरांत धमकच नाही."

## विचारणं फुकट झालं, तिथं घोटाळा झाला

माझं एक निरीक्षण आहे, पटतंय का बघा.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगड मोगलांकडे गेला आणि राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे सोपवला. त्यांना 'हुकुमतपनाह' हा किताब दिला, म्हणजे इथला सगळा हुकूम त्यांच्या आसऱ्याने चालायचा. औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला, जिंजी शेकडो कोस लांब आणि पुढं त्या किल्ल्यालाही वेढा पडलेला. पन्हाळ्याखालून एखादा प्रश्न विचारायचा म्हटलं तर जासूद जाऊन उत्तर येईपर्यंत लढाईचा निकाल लागून गेलेला असणार. त्यामुळे दिलेला अधिकार खरा असणं भागच होतं. नुसता किताब देऊन हुकूम स्वतःच्या मुठीत ठेवण्याची सोयच नव्हती. राजाराम महाराज महाराष्ट्रात परतले ते १६९८ मध्ये. मधली आठेक वर्षं इथलं राज्य तगलं, त्यात संताजी-धनाजींच्या तलवारीचा वाटा आपण आवडीने सांगतो. पंतांच्या दौतीचा तितका सांगत नाही.

आज प्रश्न विचारायला काय लागतं? एक फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, खाली लिहायचं, "सर, हे चालेल का?" खर्च शून्य. त्यामुळे ज्याला स्वतः ठरवता आलं असतं तोही विचारतो. विचारल्यावर जबाबदारी आपोआप वर सरकते, हे त्याला नीट कळतं. आणि साहेबालाही बरं वाटतं. दिवसभर फोन वाजतो, आपल्यावाचून पान हलत नाही असं वाटतं, संध्याकाळी बायकोला सांगायला होतं, "एक मिनिट उसंत नाही." मोबाईलने साहेब लोकांचं काम वाढवलं असं म्हणतात. माझ्या मते त्याने खालच्यांचे निर्णय वर ओढून घेतले, आणि आपण ते हसत हसत घेतले.

कामं अशी परत येतात ती फार सभ्य वाक्यांतून येतात. "भाऊ, जरा नजर टाकता का?" "मी पाठवून ठेवलंय तुम्हाला." "तुम्ही बोललात तर तो ऐकेल." यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे तुमच्या टेबलावर परत आलेली फाइल. उपाय मला एकच सापडला. उत्तर द्यायच्या आधी विचारायचं, "तुझ्या मनात काय आहे?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा आमचा पोरगा घाबरला. त्याला वाटलं, टोमणा आहे. सहाव्या-सातव्या वेळी तो स्वतःच म्हणाला, "ट्रान्सपोर्टवाला भाव वाढवून मागतोय. मला वाटतं दोन दिवस थांबावं, माल घाईचा नाही." मी फक्त बरं म्हटलं. नंतर नंतर तो फोन येणंच बंद झालं.

मात्र विचारायचं ते खरोखर ऐकण्यासाठी. मत घ्यायचं आणि मग "ते असू दे, असं कर" म्हणायचं, याला काही अर्थ नाही. त्यापेक्षा सरळ हुकूम बरा.

## "साहेबांनी काम ढकललं, त्याला गोंडस नाव दिलं"

खालच्या खुर्चीवरून ही गोष्ट अशीच दिसते, आणि निम्म्या वेळा ती तशीच असते. कसं ओळखायचं? कामाबरोबर आणखी काय खाली आलं ते बघायचं.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण पंचायतींचं आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. घटनेला अकरावं परिशिष्ट जोडलं गेलं, त्यात शेती, पिण्याचं पाणी, प्राथमिक शिक्षण, रस्ते असे २९ विषय आले, जे गावपातळीवर सोपवता येतील. 'येतील' या क्रियापदावर बोट ठेवा. कलम २४३-जी म्हणतं की राज्य विधिमंडळ पंचायतींना असे अधिकार देऊ शकेल. दिलेच पाहिजेत असं म्हणत नाही. तेव्हापासून वाद चालू आहे तो तीन गोष्टींवर: विषय खाली आले, पण त्यासोबत निधी आला का, आणि माणसं आली का? पाणीपुरवठा सरपंचाकडे, पण अभियंता वरच्या खात्याचा आणि पैसा योजनेच्या अटींनी बांधलेला असेल, तर नळ कोरडा पडल्यावर ग्रामसभेत ऐकून कोण घेणार? सरपंचच.

ऑफिसात 'ढकलणं' असंच दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम येतं, मुदत सोमवारची, सोबत माहिती अर्धवट, इतर कामं जशीच्या तशी डोक्यावर. देणाऱ्याने काम देताना दुसरं एखादं काम काढून घेतलं का, एवढा एकच प्रश्न विचारला तरी नियत कळते. आणि घेणाऱ्यालाही विचारायचा हक्क आहे: यात मी कुठपर्यंत ठरवायचं? किती खर्च करायचा? अडलं तर कुणाकडे यायचं? हे विचारणं उद्धटपणा नव्हे. नाहीतर सहा महिन्यांनी दोघंही एकमेकांवर धुसफुसत बसतात.

कौतुकाचंही याच ठिकाणी बोलून टाकतो. केलं एकाने आणि गिऱ्हाइकासमोर "आम्ही करून घेतलं" म्हणाला दुसरा, की पुढच्या कामात पहिल्याचा जीव राहत नाही. यावर जास्त लिहायला नको, प्रत्येकाने ते दोन्ही बाजूंनी भोगलेलं असतं.

## तिसरी गोष्ट, जी देता येत नाही

श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. तिथलं बांधकाम ठेकेदार करत होते, त्यांच्यावर अभियंते, त्यांच्यावर प्रकल्पाचे अधिकारी. १२ जुलै २००९ ला पहाटे दक्षिण दिल्लीत जमरूदपूर इथं मेट्रोचा बांधकाम चालू असलेला पूल कोसळला, कामगारांचे जीव गेले. श्रीधरन तिथं खांब बांधत नव्हते. त्या खांबाचं गणितही त्यांनी मांडलेलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही, आणि दुसऱ्या दिवशी श्रीधरन यांनी तो मागे घेतला.

राजीनाम्याने गेलेले परत येत नाहीत, आणि मागे घेतलेल्या राजीनाम्याला काय अर्थ, असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. अपघात झाल्याबरोबर वरचा माणूस "हे कुणाचं काम होतं?" असं ओरडला असता, तर दुसऱ्या दिवसापासून दिल्लीतल्या प्रत्येक खांबाखालचा अभियंता आधी स्वतःच्या बचावाचे कागद गोळा करत बसला असता. वरचा माणूस पुढं उभा राहिला की चौकशी नीट होते, ज्याची चूक त्याच्यावर कारवाईही होते. त्याने आतल्या आत कान उपटणं चुकत नाही. पण बाहेरच्या जगाला उत्तर वरच्याचंच.

म्हणून मंडपाच्या मागे बोललेलं ते वाक्य मला अजून सलतं. बिल दुपारी काढून ठेवायला हवं होतं हे बरोबर होतं. पण इंदूरच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून "माल उद्या पोचेल, चूक माझी" हे मी म्हणायला हवं होतं. तो फोनही मी पोरालाच करायला लावला.

## मग पुढं काय झालं

लग्नाहून आल्यावर मी त्याचा सब-युजर केला. सगळ्या चौकटींत एकदम टिक केली नाही, खरं सांगतो. बिल तयार करण्यावर केली, रद्द करण्यावर केली नाही. दीड महिन्याने तीही केली. मधल्या काळात त्याने माझ्या बारा वर्षांच्या ट्रान्सपोर्टवाल्याला सोडून दुसरा धरला. मला ते रुचलं नव्हतं. भाव थोडा कमी आहे, गाड्या जुन्या आहेत, एकदा माल भिजला. मी असतो तर बदललं नसतं. अजून तो नवाच ट्रान्सपोर्टवाला आहे.

मागच्या आठवड्यात पोरगा केबिनमध्ये आला. डिस्पॅचला त्याच्या हाताखाली एक नवीन मुलगी लागलीय, आयटीआय करून आलेली, चुणचुणीत आहे.

"भाऊ, तिचा सब-युजर करायचाय. ते तुमच्याच लॉगिनवरून होतं."

"काय काय देऊ तिला?"

"बिल तयार करायचं द्या. रद्द करायचं नको. महिनाभर बघतो."

माझ्या मते तिला दोन्ही द्यायला हरकत नव्हती. मी पहिल्या चौकटीत टिक केली, तिचा मोबाईल नंबर टाकला आणि सेव्ह केलं.